जिफवाले आणि गिफवाले

२०१३ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये वेबी पुरस्कारांचा सोहळा झाला. इंटरनेटवर भरीव काम केलेल्यांना हे पुरस्कार देतात आणि त्यांची एक फार चांगली प्रथा आहे. पुरस्कार घेणाऱ्याने आपलं भाषण पाच शब्दांत उरकायचं. (आपल्याकडच्या सत्कार समारंभांनी ही प्रथा उचलली तर मांडववाल्यांचा धंदा निम्म्यावर येईल, पण श्रोते दुवा देतील.) त्या वर्षी जीवनगौरव पुरस्कार होता स्टीव्ह विल्हाइट यांना. १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह नावाच्या अमेरिकी कंपनीत नोकरी करताना या गृहस्थांनी रंगीत चित्रं छोट्याशा फायलीत कोंबून टेलिफोनच्या तारेवरून पाठवायची एक पद्धत बसवली. ग्राफिक्स इंटरचेंज फॉरमॅट हे तिचं नाव. आद्याक्षरं जी, आय, एफ. तुमच्या घरच्या ग्रुपवर रोज सकाळी मामा जो उघडझाप करणारा गुलाब पाठवतात आणि ज्याच्या पाकळ्यांवर 'शुभ सकाळ' लुकलुकत असतं, त्या गुलाबाचं मूळ शोधत गेलं तर आपण विल्हाइट यांच्या टेबलापाशी पोचतो.

तर विल्हाइट मंचावर आले. पाच शब्द हाताशी होते. बायकोचे, साहेबांचे, परमेश्वराचे, कुणाचेही आभार मानता आले असते. त्यांनी तोंडच उघडलं नाही. मागच्या पडद्यावर एक हलतं चित्र सुरू झालं आणि इंग्रजीत मोजून पाच शब्द उमटले: याचा उच्चार 'जिफ' आहे, 'गिफ' नव्हे.

सव्वीस वर्षं माणूस हे एवढंच मनात धरून बसला होता. जन्मभराच्या कामाचा गौरव होतोय, टाळ्या वाजताहेत, आणि याच्या डोक्यात काय, तर लोक आपल्या पोराला चुकीच्या नावाने हाक मारतात. मला हे फार जवळचं वाटलं. आडनाव 'गोखले' असून आयुष्यभर 'गोखाले' ऐकून घेणारे कितीतरी लोक मुंबईबाहेर नोकऱ्या करून निवृत्त झाले. त्यांना कुणी पाच शब्दांची संधी दिली असती तर त्यांनीही हेच केलं असतं.

आता, बारशाला आत्याने कानात नाव सांगितलं की पुढे कुणी मतदान घेत नाही. इथेही बापाने स्वतः, मंचावरून, मोठ्या अक्षरांत नाव सांगितल्यावर विषय संपायला हवा होता. झालं उलटंच. गिफवाल्यांना चेव आला. बाप झाला म्हणून काय झालं, त्याला कुठे कळतंय, असा एकूण सूर लागला. पुढच्याच वर्षी खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांना कुणीतरी हा प्रश्न विचारला, आणि त्यांनी 'गिफ' असा कौल देऊन ही आपली अधिकृत भूमिका असल्याचं सांगून टाकलं. महासत्तेच्या प्रमुखाने कशाकशावर भूमिका घ्यावी याला काही मर्यादा आहे असं मला पूर्वी वाटत असे.

गिफवाल्यांचा मुख्य मुद्दा साधा आहे. पहिलं अक्षर 'ग्राफिक्स'चं. ग्राफिक्सला कुणी 'ज्राफिक्स' म्हणत नाही, मग जिफ कुठून आलं? ऐकायला बिनतोड वाटतं. पण या न्यायाने जेपीईजी नावाच्या चित्रांना आपण 'जेपेग' म्हणतो तेही चूक ठरतं, कारण त्यातला पी 'फोटोग्राफिक'चा, म्हणून म्हणायला हवं 'जेफेग'. तारकर्लीच्या समुद्रात जे स्कूबा डायव्हिंग चालतं त्यातला यू 'अंडरवॉटर'चा, म्हणजे तेही 'स्कबा' व्हायला हवं. तिथल्या पोरांना जाऊन हे सांगा, ती तुम्हाला पाण्याखाली नेतील आणि वर आणायची घाई करणार नाहीत.

जिफवाल्यांचा मुद्दाही काही फार उच्च दर्जाचा नाही. अमेरिकेत 'जिफ' नावाचं शेंगदाण्याचं लोणी मिळतं. चोखंदळ आया जिफच निवडतात, अशी त्याची जाहिरात पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडात बसलेली. कॉम्प्युसर्व्हमधली मंडळी त्याच चालीवर चोखंदळ प्रोग्रामर काय निवडतात ते सांगून आपसात हसायची, आणि तो विनोद जमायचा तर उच्चार जिफ हवाच. म्हणजे गेली तीसेक वर्षं ज्यावरून माणसं एकमेकांचा उद्धार करताहेत, त्या वादाच्या मुळाशी शेंगदाण्याच्या लोण्यावरची एक कोटी आहे. कोटी करणाऱ्यांनी परिणामांचा विचार करावा, हे मराठी लेखकांना सांगण्यात अर्थ नाही, पण नोंदवून ठेवतो. २०२० साली त्या लोणीवाल्या कंपनीने स्वतःच यात उडी घेतली. बरणीच्या एका बाजूला 'जिफ' आणि दुसऱ्या बाजूला 'गिफ' अशी लेबलं लावून तिने थोड्या बरण्या बाजारात आणल्या, आणि जाहीर केलं की जिफ म्हणजे लोणी, चित्राला गिफच म्हणा. ज्यांच्या जाहिरातीवरून उच्चार पडला त्यांनीच पाठ फिरवली. विल्हाइट यांनी पुढे काय म्हटलं मला माहीत नाही असं लिहायचा मोह होतोय, पण ते काय म्हणाले असते हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये ते वारले. मृत्युलेखांतही त्यांच्या कामाच्या शेजारी उच्चाराचा वाद होताच.

उच्चाराच्या या घोळातून एका टोळक्याने फार आधीच धडा घेतला होता. जीआयएफच्या पेटंटवरून नव्वदच्या दशकात भांडणं झाली, तेव्हा काही लोकांनी चित्रांसाठी नवीच पद्धत तयार केली: पीएनजी. नावाचा घोळ पुन्हा नको म्हणून त्यांनी १९९६ च्या अधिकृत तांत्रिक दस्तऐवजातच लिहून ठेवलं की याचा उच्चार 'पिंग' असा करावा. कायद्यात कलम घालावं तसं. आज जगात पीएनजी चित्रं मोजता येणार नाहीत इतकी आहेत आणि त्यांना 'पिंग' म्हणणारा माणूस भेटला तर त्याचा सत्कार करावा, पाच शब्दांत.

आपल्याकडे यातलं काहीच पेटलं नाही, कारण आपण तिसरी वाट धरली: 'जीआयएफ'. अक्षरं सुटी म्हणायची, भांडण संपलं. ही वाट भित्रेपणाची नाही, सवयीची आहे. एटीएम, ओटीपी, यूपीआय, केवायसी, आरटीओ, आयएफएससी. आपला दिवस सुट्या अक्षरांत जातो. एमएसईबीचं महावितरण होऊन वीस वर्षं झाली, तरी दिवे गेले की आपण फोन एमएसईबीलाच लावतो. शब्द तयार होतो तो फक्त जिभेला फुकटात मिळाला तर: सिडको, म्हाडा, इस्रो, पॅन, सिम. यातल्या 'म्हाडा'चं मला विशेष कौतुक आहे. 'म्ह'ने सुरू होणारं सरकारी लघुरूप जगात दुसरं असेल असं वाटत नाही. अमेरिकन माणसाला ते नीट म्हणता यायला जितके दिवस लागतील तितक्या दिवसांत एखाद्याला म्हाडाचं घर लागेल.

पण मराठीत लिहिणाऱ्याला ही तिसरी वाट कायम पुरत नाही. इंग्रजी लेखकाची मजा बघा. तो तीन रोमन अक्षरं टाकतो आणि पुढच्या वाक्याला लागतो. वाचणारा मनात काय म्हणायचं ते म्हणो. देवनागरीत हात उचलायच्या आधी निकाल द्यावा लागतो. 'जि' लिहिलं की तुम्ही जिफवाले, 'गि' लिहिलं की गिफवाले. मोबाइलच्या एका चिनी कंपनीबद्दल इंग्रजी वार्ताहर एक्सने सुरू होणारं नाव टिपून घरी जातो. मराठी वार्ताहर रात्री अकरा वाजता उपसंपादकाशी भांडत बसतो की झिओमी, झाओमी, की शाओमी. शेवटी छापलं गेलं 'शाओमी', आणि तेच मूळ चिनीच्या जास्त जवळचं आहे. म्हणजे या बाबतीत मराठी वर्तमानपत्राचा वाचक लंडनच्या वाचकाच्या पुढे होता, फक्त त्याला कुणी हे सांगितलं नाही.

त्याच कंपनीच्या फोनचं छोटं नाव २०२१ पर्यंत 'एमआय' होतं. दुकानावर, खोक्यावर, फोनच्या पाठीवर तीच दोन अक्षरं असायची, आणि अख्खा महाराष्ट्र म्हणायचा 'एमआयचा फोन'. तीच दोन अक्षरं 'रेड'च्या मागे बसली की मात्र 'रेडमी'. 'रेडएमआय' म्हणणारा गिऱ्हाईक अजून जन्मला नाही. एकटा असताना 'एमआय' आणि जोडीला कुणी आलं की 'मी'. याचं कारण मला ठाऊक आहे असं वाटतं. मराठी दुकानदार 'मीचा फोन घ्या' असं म्हणू शकत नाही. म्हटलं तर गिऱ्हाईक विचारेल, मग तुम्ही काय वापरणार?

देवनागरीचा विषय निघाला की मराठी माणूस जरा ताठ बसतो. आपली लिपी कशी जसं बोलावं तशी लिहिली जाते, इंग्रजीसारखा बिनपगारी जादा अक्षरांचा भरणा नाही, हे आपण शाळेपासून ऐकलेलं असतं. शिवाय हिंदीकडे नसलेला ॲ आपल्याकडे आहे, म्हणून आपण 'ॲप' लिहितो आणि ते बिचारे 'ऐप'. हे सगळं मान्य. पण मग 'चंद्र' आणि 'चांदणं' हे दोन शब्द मोठ्याने म्हणून बघा. दोन्हीकडे अक्षर 'च'च, आणि आवाज निराळे. 'माझा' आणि 'माझी' म्हणा. एका काना-वेलांटीच्या फरकाने झ जिभेच्या टोकावरून टाळूवर चढतो. व्याकरणवाले याला दंततालव्य आणि तालव्य म्हणतात. आपण काहीच म्हणत नाही, न चुकता बोलतो, आणि परप्रांतीय चुकला की हसतो. लिपी मात्र यावर तोंडातून चकार शब्द काढत नाही.

याचा फटका बसतो तो 'जावा'ला. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने आणलेली ही प्रोग्रामिंगची भाषा महाराष्ट्रातल्या निम्म्या इंजिनिअरांच्या पोटापाण्याला कारणीभूत आहे. आता मराठीत 'जावा' असं लिहिलं की ती भाषा असू शकते, आग्नेय आशियातलं बेट असू शकतं, जुनी फटफटी असू शकते, आणि दोन सख्ख्या भावांच्या बायकाही असू शकतात. भाषा म्हणायची तर ज टाळूचा, बायका म्हणायच्या तर ज दातांचा. कागदावर फरक शून्य. 'जावा शिकायला सहा महिने लागतात' हे वाक्य एखाद्या नव्या नवरीने वाचलं तर तिला ते आशावादी वाटेल. आणि फटफटीचं म्हणाल तर ती मूळची चेकोस्लोव्हाकियातली. तिकडे रोमन जे हा 'य' होतो, म्हणून तिच्या मायदेशी तिला 'यावा' म्हणतात. म्हणजे दंततालव्य आणि तालव्य अशा दोन्ही ज-वाल्यांना तिथे प्रवेश बंद.

जिफची गोष्ट त्यामानाने सोपी. मराठीत इकार लागला की ज आपोआप टाळूला जातो, तिथे दुसरा ज निघतच नाही. विल्हाइट यांनी मराठीत नाव ठेवलं असतं तर त्यांना न्यूयॉर्कपर्यंत जावं लागलं नसतं.

आता जिथे उच्चारावर पगार अवलंबून असतो त्या मुलखाकडे येऊ. हिंजवडीतल्या एका कंपनीत मुलाखत चालू आहे. मुलगा लातूरकडचा, कॉलेजात पहिला आलेला.

"डेटाबेसचं काय येतं?"

"एसक्यूएल येतं सर. चांगलं येतं."

"ओके. सिक्वेलमध्ये जॉइनचे प्रकार सांग."

मुलगा क्षणभर थांबतो. मग प्रामाणिकपणे म्हणतो, "सर, सिक्वेल अजून केलं नाही. पण घेतलंत तर महिन्यात शिकून घेईन."

ही गोष्ट मी इतक्या जणांकडून, इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने ऐकली आहे की ती एक तर सगळीकडे घडली असावी किंवा कुठेच नाही. सांगणारा प्रत्येक वेळी पॅनेलवरचाच असतो, त्या मुलाने ती सांगितल्याचं अजून ऐकलेलं नाही. तो बहुधा आता कुठेतरी मॅनेजर आहे आणि स्वतः 'सिक्वेल' म्हणतो.

कारण रुजू झाल्यावर उच्चार बदलतो तो शब्दकोश बघून नव्हे, खुर्ची बघून. टीम लीड सिक्वेल म्हणतो म्हणून टीम सिक्वेल म्हणते. संध्याकाळी साडेसातला अमेरिकेतला क्लायंट फोनवर येतो आणि 'एस-क्यू-एल' म्हणतो. त्या पाऊण तासात हिंजवडीच्या त्या मजल्यावर एकही सिक्वेल ऐकू येत नाही. फोन ठेवला की सिक्वेल परत. आपली माणसं दोन्ही उच्चार खिशात ठेवून हिंडतात आणि समोर कोण आहे ते बघून काढतात. याला कुणी लाचारी म्हणेल. मला ती जुन्या दरबारी मंडळींची हुशारी वाटते.

या भांडणातली खरी हकीकत अशी. १९७४ साली कॅलिफोर्नियात आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी माहितीला प्रश्न विचारायची ही भाषा मांडली, तेव्हा तिचं नाव 'सिक्वेल'च होतं, आणि ते पूर्ण स्पेलिंग करून लिहीत. मग कळलं की हॉकर सिडली या इंग्लंडमधल्या विमान कंपनीने त्या नावाची आधीच नोंदणी करून ठेवली आहे. वकिलांचं पत्र आलं की शास्त्रज्ञ लवकर शहाणे होतात. नावातले स्वर गाळले, उरलं एस, क्यू, एल. तेव्हा सिक्वेल म्हणणारे तोंडाने खरं नाव घेतात आणि एसक्यूएल म्हणणारे कागदावरचं, आणि दोघेही समोरच्याला अडाणी समजतात. हा स्वर गाळायचा तोडगा आपल्याकडे चालला नसता, कारण देवनागरीत स्वर कितीही काढा, 'अ' मागे उरतोच. स, क, ल. 'सकल'. आणि ही भाषा शिकताना पहिली आज्ञा जी शिकवतात तिचा अर्थही 'सगळं दाखव' असाच असतो. हे नाव ट्रेडमार्क कार्यालयाने हसत मंजूर केलं असतं.

याहून बहारीचं प्रकरण 'मायएसक्यूएल'चं. जगातल्या असंख्य वेबसाइट जिच्यावर चालतात ती ही फुकट मिळणारी प्रणाली. तिच्या कर्त्यांनी जाहीर केलं की उच्चार 'माय-एस-क्यू-एल', पण कुणी 'माय सिक्वेल' म्हटलं तरी आम्ही रागावणार नाही. भली माणसं. यावर दोन्ही पक्ष वर्षानुवर्षं शेपटाकडच्या तीन अक्षरांवरून भांडताहेत. आणि पुढच्या 'माय'कडे कुणाचं लक्षच नाही. ते इंग्रजी 'माझं' नाहीच. मायकेल विडेनियस हा फिनलंडचा स्वीडिशभाषक प्रोग्रामर, त्याने आपल्या मुलीचं नाव या प्रणालीला दिलं, आणि त्या मुलीच्या नावाचा स्वीडिश उच्चार 'म्यू'च्या आसपास होतो. म्हणजे भांडणारे दोन्ही पक्ष पहिल्याच अक्षरापासून चुकलेले. धाकट्या मुलीच्या नावाने त्याने पुढे 'मारियाडीबी' काढली. मारियावर अजून कुणाचं दुमत ऐकलेलं नाही.

लिनक्सचंही फिनलंडशीच नातं. १९९१ साली ते सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स यांनी उच्चाराच्या चौकशांना कंटाळून स्वतःच्या आवाजात एक फीत ध्वनिमुद्रित केली: मी अमुक, आणि मी याला असं म्हणतो. अमेरिकेत त्यानंतरही काही जण 'लायनक्स' म्हणत राहिले. आपण पहिल्यापासून 'लिनक्स' म्हणतो. यात आपली अक्कल किती आणि इंग्रजी नीट न येण्याचा फायदा किती, ते सोडा.

गणितवाल्यांचं मात्र वेगळंच. डोनाल्ड कनूथ या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी सत्तरच्या दशकाअखेर छपाईच्या मजकुराची जुळणी करणारी 'टेक' नावाची प्रणाली लिहिली. तिच्या नावातलं शेवटचं अक्षर रोमन एक्ससारखं दिसतं, पण आहे ग्रीक, आणि त्याचा आवाज घशातून यायला हवा. बरोबर म्हटलं तर समोरचा संगणकाचा पडदा किंचित ओला व्हायला हवा, अशी खूण त्यांनी आपल्या पुस्तकात देऊन ठेवली आहे. उच्चाराची इतकी शास्त्रशुद्ध चाचणी दुसऱ्या कुणी दिलेली नाही. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर आपली प्रणाली रचली, तिला म्हणे लाटेक, लेटेक, काही म्हणा. त्यांनी चारपाच शक्यता मांडल्या आणि निवड लोकांवर सोडली. विल्हाइट, टोरवाल्ड्स, कनूथ, लॅम्पोर्ट: एक रागावला, एकाने फीत काढली, एकाने थुंकी तपासली, एकाने हात वर केले. लोकांनी चौघांनाही सारखंच मोजलं. नाव ठेवणाऱ्याच्या ताब्यात नाव पहिला आठवडाभर असतं, त्यापुढे ते जिभांच्या मालकीचं होतं, असं माझं मत आहे.

हल्ली या मैदानात 'कुबरनेटिस' उतरलंय. गुगलने २०१४ साली आणलेलं, हजारो संगणकांवरची कामं एकदम हाकणारं प्रकरण. शब्द ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपल्या कोळीवाड्यातला तांडेल. जीभ वळेना तेव्हा अमेरिकनांनी पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर ठेवून मधल्या आठांच्या जागी आठचा आकडा घातला आणि 'के-एट-एस' केलं. पुण्यात त्याचं 'कुबेरनेटिस' झालं. महिनाअखेरीस क्लाउडचं बिल बघितल्यावर हा अपभ्रंश न वाटता व्युत्पत्ती वाटते.

आता जरा कडू बोलतो. मराठी माणसाला उच्चारावरून माणूस तोलायची जुनी खोड आहे. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला 'पाणी' शिकवण्यात काही लोकांनी उभं आयुष्य घातलं, आणि त्यात शिकवण्यापेक्षा चारचौघांत थांबवण्याचा आनंद जास्त होता. न आणि ण च्या फाटकावर कितीक हुशार पोरं तोंड मिटून बसली. हिंजवडीने हे फाटक मोडलं असं नाही, जागा बदलली. तिथे 'पानी' चालतं, पण 'कॅशे' म्हणून बघा. शब्द दिसतो तसा वाचला की लगेच कुणीतरी मान तिरकी करून 'कॅश' म्हणतो, अगदी हळू, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि तो हळू म्हणणारा पुष्कळदा कालचा 'पानी'वालाच असतो. 'डाटा' आणि 'डेटा'चंही तसंच. ज्याचा संपतो तो डाटा. ज्याच्यावर पगार मिळतो तो डेटा. एकच माणूस सकाळी 'डाटा पॅक टाक रे' म्हणतो आणि दहा वाजता 'डेटा सेंटर'ला जातो, मधल्या बसमध्ये कुठेतरी वर्ग बदलतो.

त्या 'कॅश'ने तर घरोघर गोंधळ घातलाय. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांचं बँकेचं ॲप उघडेना. मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, आधी सगळी कॅश क्लिअर करा." आजोबांनी फोन ठेवला, सूनबाईला हाक मारली आणि सांगितलं, बघ, असेच असतात ते फसवणारे. तिने खुलासा करून बघितला. ते ऐकेनात. रोख रक्कम काढायला सांगणाऱ्या कुणाशीही बोलू नका, हे त्याच बँकेने त्यांना संदेश पाठवून बजावलं होतं. त्या मुलीने 'कॅशे' म्हटलं असतं तर शब्दकोशाचा अपमान झाला असता, पण आजोबांचं काम झालं असतं. अशा वेळी मी शब्दकोशाच्या बाजूने नसतो.

तर निकाल. बोलताना काय म्हणावं याची मला पडलेली नाही. ज्याच्याशी काम आहे त्याला कळेल ते म्हणावं, आणि ज्याच्याकडे बढती अडकली आहे तो म्हणेल ते म्हणावं. चारचौघांत कुणाचा उच्चार सुधारू नये, सुधारायचाच तर त्याला बाजूला घेऊन सुधारावा. छापताना 'एसक्यूएल' छापावं, कारण हॉकर सिडलीच्या वकिलांशी मला वाकडं घ्यायचं नाही. आणि 'जिफ' छापावं. तर्क गिफवाल्यांच्या बाजूने असेलही. पण ज्याने वस्तू बनवली त्याला बोलायला जन्मात पाच शब्द मिळाले आणि ते त्याने यावर खर्च केले, एवढा तरी मान राखायला हवा. ज्या वाचकांना हे पटलं नसेल त्यांनी संपादकांना जरूर पत्र लिहावं. फक्त रोमन अक्षरांच्या आड लपू नये. पत्र देवनागरीत असावं, आणि ज की ग ते स्पष्ट लिहावं.